चार तळहातांएवढा रस्ता

गाडी सावकाश चालवणे हा माझा स्वभाव आहे आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडासा गर्वही होता. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे, वळणाआधी वेग उतरवणे, पिवळा दिवा दिसताच थांबण्याच्या तयारीला लागणे, हे सगळे मी इतकी वर्षे इतक्या नेमाने केले होते की, रस्त्यावर जे काही विपरीत घडते ते घाई करणाऱ्यांच्याच वाट्याला येते, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते. त्यामुळे, हिवाळ्यात जेमतेम दोनचारदा बर्फ पडणाऱ्या प्रदेशातून महिनोन्‌महिने जमीन दिसू नये अशा प्रदेशात आम्ही बिऱ्हाड हलवले आणि भेटेल तो माणूस ‘हिवाळी टायर घेतले का?’ असे विचारू लागला, तेव्हा मला तो प्रश्न काहीसा अपमानास्पदच वाटला. हिवाळी टायर म्हणजे बेफिकीर माणसांनी आपल्याच बेफिकिरीवर काढलेला विमा, अशी माझी समजूत होती. मी तर आता आणखी सावकाश चालवणार होतो.

घरापासून मोठ्या रस्त्याकडे जाणारा एक उतार आहे आणि तो थेट चौकात संपतो. त्या हिवाळ्यातला पहिला मोठा बर्फ पडून एक दिवस झाला होता. आदल्या दिवशीच्या गाड्यांनी तो दाबून दाबून चकचकीत केला होता आणि तापमान शून्याच्या आसपास होते. मी माणसाच्या चालीने गाडी खाली आणत होतो. चौकात एक गाडी उभी होती, तिच्या बऱ्याच अलीकडे मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल पायाखाली धडधडू लागले, एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपले काम करत होती, आणि गाडी मात्र कुणी दोरी बांधून ओढत न्यावी तशी एका लयीत पुढे जात राहिली. वेग वाढला नाही, कमीही झाला नाही. मी स्टिअरिंग कडेकडे वळवले. चाके वळल्याचे हाताला जाणवले, पण गाडीने त्याची दखल घेतली नाही. भीतीपेक्षाही त्या क्षणी मला आश्चर्य अधिक वाटले, कारण जे जे करायला हवे ते सगळे करून झाले होते आणि आता करण्यासारखे काहीच उरले नव्हते. समोरच्या चालकाने बहुधा आरशात पाहिले असावे. त्याने गाडी थोडी पुढे घेऊन बाजूला काढली आणि जिथे त्याची मागची बाजू होती, बरोबर तिथे, सपाटीवर, माझी गाडी थांबली.

बायको शेजारी बसली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, “तू ब्रेक दाबला होतास ना?”

“दाबला होता,” मी म्हणालो. त्यावर दोघांकडेही बोलण्यासारखे काही नव्हते.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. शाळेत उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे गणित सगळ्यांनीच केलेले असते. आपणच एक दिवस तो ठोकळा होऊ, हे तेव्हा कुणी सांगत नाही. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.७ किंवा त्याहून अधिक असतो, दाबून बसलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहीखाली जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, घर्षणांक ०.२५ धरला तर तिला १४ मीटर लागतात आणि ०.१ धरला तर ३५ मीटर. इथपर्यंत माझा सावधपणा शाबूत होता, कारण वेग निम्मा केला की हे अंतर चौथ्या हिश्शावर येते. पण आमचा रस्ता सपाट नव्हता. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली उतरणाऱ्या रस्त्यावर घर्षणांक ०.१ असेल, तर गाडीला खाली ओढणारे बल आणि तिला रोखू पाहणारे घर्षण यांची बरोबर तोंडमिळवणी होते. मग गाडी ज्या वेगाने चाललेली असते त्याच वेगाने चालत राहते, मग तो वेग ताशी ३० किलोमीटर असो की ३. त्या उतारावर ‘सावकाश’ या शब्दाला अर्थच उरत नव्हता. समीकरणातून वेग निघून गेला होता आणि त्याच्याबरोबर माझा इतक्या वर्षांचा नेमही.

घर्षणांक बदलण्याचा उपाय चालकाच्या डोक्यात नसतो, तो रबरात असतो. एका टायरचा रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. म्हणजे दीड टनाची गाडी, तिच्यातली माणसे, सामानसुमान आणि माझा सगळा सुज्ञपणा चार तळहातांएवढ्या जागेवर उभा होता, आणि ती जागा उन्हाळ्यासाठी बनवलेल्या रबराची होती.

हे ‘उन्हाळ्यासाठी बनवलेले रबर’ म्हणजे काय, ते मला आधी नीट कळत नव्हते. रबर ते रबर, असेच वाटे. रबर रस्त्याला धरते ते मऊ असल्यामुळे. डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखलपणात ते शिरते, दबते आणि पुन्हा पूर्वीच्या आकाराला येते. रबराचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या असतात आणि त्यांची ही हालचाल तापमानावर अवलंबून असते. थंडी वाढत गेली की त्या साखळ्या आखडतात आणि उन्हाळी टायरचे मिश्रण हळूहळू कडक प्लॅस्टिकसारखे वागू लागते. ही अडचण टायरपेक्षाही जुनी आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचे आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकायचे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रबरी वस्तूंचा धंदा बुडायला आला होता. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर स्थिर करण्याची युक्ती सापडली आणि तो प्रश्न सुटला, असे आपण शिकतो. पूर्ण सुटला नव्हता, हे मला त्या उतारावर समजले. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर, सिलिका आणि निरनिराळी तेले यांचे प्रमाण असे ठेवलेले असते की, कडाक्याच्या थंडीतही ते लवचीक राहावे. त्याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. तापलेल्या डांबरावर हेच टायर भराभर झिजतात आणि गाडी वळणावर किंचित झुलल्यासारखी वाटते.

तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हिवाळी टायर लावावेत, असा एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो. हा आकडा निसर्गनियम नव्हे. कोरड्या थंड रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर ५ अंशांतही उत्तम थांबू शकतो. पण ज्या सकाळी ५ अंश असतात तिच्या आदल्या रात्री काय होते आणि सावलीतल्या वळणावर काय गोठलेले असते, याचा हिशेब करत बसण्यापेक्षा तो आकडा पाळणे मला सोपे वाटते.

रबराइतकीच त्याच्यावरची नक्षीही वेगळी असते. उन्हाळी टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, तर हिवाळी टायरच्या खाचा बर्फ धरून ठेवण्यासाठी असतात. मला आधी हे उलटेच वाटले होते; चाकात बर्फ अडकला की चाक निकामी होईल, असा माझा अंदाज होता. पण बर्फाला बर्फ जितका चिकटतो तितके दुसरे काहीच चिकटत नाही. मुठीत बर्फ दाबून गोळा केला की हे लक्षात येते. खाचांत भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो आणि टायरची पकड वाढते. याशिवाय रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या असंख्य नागमोडी चिरा असतात. दुकानात मी नव्या टायरचा एक ठोकळा अंगठ्याने दाबून पाहिला, तेव्हा त्या चिरा माशाच्या कल्ल्यांसारख्या उघडल्या आणि मिटल्या. गोठलेल्या रस्त्यावर, विशेषतः तापमान शून्याच्या जवळ असताना, बर्फावर पाण्याचा जो पातळ थर येतो तो या चिरा फोडतात आणि त्यांच्या कडा खालच्या बर्फात रुततात. उणे २० अंशांतला बर्फ शून्याजवळच्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो, ही मला न पटलेली गोष्टही याच पाण्यामुळे खरी आहे.

दुकानात मी अर्थातच उशिरा पोचलो. पहिला बर्फ पडल्यानंतर हिवाळी टायर शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. माझ्यासारखे आणखी कितीतरी विहीर खणणारे रांगेत उभे होते. आमच्या गाडीच्या मापाचे, म्हणजे २०५/५५ आर १६ चे टायर संपले होते आणि पुढचा माल यायला दहा दिवस लागणार होते. दुकानदाराने गाडीचा दरवाजा उघडून आतल्या पट्टीवरची मापे वाचली आणि १९५/६५ आर १५ ही जोडीही चालेल असे सांगितले. रिम एक इंच लहान, टायर थोडा अरुंद पण उंच, आणि दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६३ सेंटिमीटरच्या आसपास. अरुंद टायर सैल बर्फ कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, रुंद टायर त्याच्यावर तरंगायला बघतो, हे त्याने हाताने हवेत कापून दाखवले. ते मापही चार दिवसांनीच मिळणार होते. त्या चार दिवसांत मी गाडीला हात लावला नाही.

पैसे वाचवावेत म्हणून मी विचारले की, गाडीची पुढचीच चाके ओढतात, मग दोनच टायर घेतले तर? त्याने वर न बघता उत्तर दिले, “पुढे दोन लावलेत तर गाडीचा पुढचा भाग थांबेल. मागचा भाग तुम्हाला ओलांडून पुढे जाईल.” मी चार घेतले. असाच एक भ्रम शेजाऱ्यांचा होता. त्यांची गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे, म्हणून त्यांना हिवाळी टायरची गरज वाटत नाही. ती गाडी बर्फातून निघताना खरोखरच देखणी निघते. पण चार चाकांची ओढ ही निघण्याच्या कामाची. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांवर असतात.

टायरच्या बाजूवर इतके काही लिहिलेले असते याचा मला पत्ता नव्हता. पूर्वी मी फक्त माप बघत असे. ‘एम अधिक एस’ ही अक्षरे चिखल आणि बर्फ यांसाठी असतात, पण ती लिहायला कुठल्याही चाचणीची अट नाही; निर्माता स्वतःच ती लिहू शकतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असे चिन्ह असेल, तर मात्र त्या टायरने प्रमाण टायरशी तुलना होणाऱ्या बर्फावरच्या चाचणीत ठरावीक पातळी गाठलेली असते. हे चिन्ह १९९९ मध्ये आले. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम अधिक एस’वर हिवाळी टायरची अट भागत नाही, डोंगर आणि हिमकण लागतातच, मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र किती उपयोगाचे असते ते मी माझ्या सावधपणाच्या बाबतीत पाहिले होते. फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर बनवला आणि दोनच वर्षांत लहान गाड्यांसाठीही. पण कॅनडातल्या क्युबेक प्रांतात असे टायर सक्तीचे व्हायला २००८ साल उजाडले. मधल्या सत्तरेक वर्षांत माझ्यासारखेच बहुतेक लोक सावकाश चालवत असणार.

खिळ्यांचे टायर घ्यावेत का, हा प्रश्न मी फार दिवस चघळला. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले ते खिळे निव्वळ गोठलेल्या थरावर इतर कशाहीपेक्षा चांगले धरतात, यात वाद नाही. पण वर्षातले बरेच दिवस रस्ता उघडा असतो आणि तेव्हा हेच खिळे डांबर कोरत बसतात. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानच्या थंड शहरांत वसंत ऋतूत रस्त्याची धूळ श्वासात जाऊ लागल्यावर १९९० मध्ये तिथेही त्यांना आवरणारा कायदा झाला. बिनखिळ्यांच्या टायरांमध्ये तोवर इतकी सुधारणा झाली होती की, आमच्यासारख्यांचे काम त्यांच्यावर भागते. मी बिनखिळ्यांचेच घेतले.

टायर चढवण्याआधी टॉर्च लावून मी प्रत्येकाची जन्मतारीख वाचली. बाजूवरच्या लांबलचक संकेताचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३६१९ असेल तर २०१९ मधला ३६ वा आठवडा. पूर्ण संकेत कधी कधी एकाच बाजूवर असतो, त्यामुळे टायर उलटवून पाहावा लागतो. तीन टायर एकाच वर्षीचे निघाले आणि चौथा त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. दुकानदाराचे म्हणणे होते की, न वापरलेला टायर इतक्यात खराब होत नाही, आणि ते बऱ्याच अंशी खरेही असावे. पण एकाच आसावर एक टायर मऊ आणि दुसरा जरा कडक ही जोडी मला नको होती, तसे मी सांगितले आणि त्याने फारशी खळखळ न करता तो बदलून दिला. रिम वेगळेच घेतल्यामुळे पुढच्या वर्षीपासून घरीच जॅक आणि पाना घेऊन काम होणार होते. सुमारे शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्या, एवढे त्याने दोनदा बजावले.

पुढच्याच आठवड्यात एका गोठलेल्या सकाळी हवेचा दाब कमी असल्याचा दिवा लागला आणि पहिला संशय मी दुकानदारावरच घेतला. हवा कुठेही गेलेली नव्हती, ती आकसली होती. तापमान पाचसहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब चौरस इंचाला साधारण एक पाउंडाने उतरतो आणि त्या रात्री ते २० अंशांहून अधिक उतरले होते. मी हवा भरली आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पटांगणात जाऊन मी मुद्दाम ताशी ३० किलोमीटरवर ब्रेक दाबून पाहिले. दाबलेल्या बर्फावर गाडी सोळा-सतरा पावलांत थांबली. पेडल तसेच धडधडले, पण या वेळी त्या धडधडीला फळ आले. मग कडेला, जिथे वितळलेले पाणी गोठून आरशासारखे झाले होते, तिथे तोच प्रयोग केला. पावले मोजायचा मी कंटाळा केला, इतकी ती होती. चार तळहातांना तिथेही फार काही धरता आले नाही.

बर्फ सरल्यावर मी ते टायर काढले, धुतले, वाळवले आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूवर खडूने जागा लिहिली: पुढचा डावा, मागचा उजवा. झिजण्याचा हिशेब राहावा म्हणून पुढच्या हंगामात पुढचे मागे आणि मागचे पुढे लावायचे असतात. खाचेची खोली मोजली. नवे असताना ८ मिलिमीटरच्या आसपास होती, आता सातावर थोडी. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. आमच्याकडचा कायदा काहीही म्हणो, मी तीच रेघ स्वतःसाठी आखून घेतली आहे. रिमवर चढवलेले टायर आडवे, एकावर एक रचून, उन्हापासून दूर ठेवले. ते सारे उन्हाळाभर कोपऱ्यात पडून होते आणि जाता-येता अंगठ्याने एखादा ठोकळा दाबून बघायची मला सवय लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडायच्या पंधरा दिवस आधीच टायर गाडीला होते. खडूची अक्षरे अर्धवट पुसली होती, तरी वाचता येत होती. बर्फ पडला, दबला, चकचकीत झाला, आणि मी पुन्हा त्याच उतारावरून, त्याच चालीने खाली उतरलो. बायको शेजारीच होती आणि तिने हात मांडीखाली दाबून ठेवला होता. चौकाच्या अलीकडे गाडी किंचित कुरकुरली आणि थांबली, रेघेच्या अलीकडे हातभर. तिने हात बाहेर काढला.

मी आरशात पाहिले. उताराच्या मध्यावरून एक गाडी खाली येत होती, अगदी सावकाश, पुढचा भाग किंचित वाकलेला, आणि तिचा चालक स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ समोर बघत होता. चाके फिरत होती, अडत होती, फिरत होती. वेग मात्र तसाच. चौकात डावीउजवीकडून कुणी येत नव्हते. मी ब्रेक सोडला, गाडी पुढे घेतली आणि बाजूला काढली.